जुन्या इमारती, स्वस्त वीज आणि बचतीचा हिशेब

पणजीच्या सांतिनेज, मिरामार, करंझाळे आणि ताळगाव या भागांत, तसेच मांडवीपलीकडे पर्वरीत, गेल्या चार-पाच दशकांत उभ्या राहिलेल्या सदनिकांच्या इमारतींपैकी बऱ्याच आता डागडुजीच्या वयाला आल्या आहेत. कुठे गच्ची गळते, कुठे बाहेरच्या भिंतींवर दर पावसाळ्यानंतर शेवाळाचे काळे ओघळ उतरतात, तर कुठे पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांची यंत्रे वारंवार कारागिराची वाट पाहतात. अशा दुरुस्तीचा विषय सोसायटीच्या सभेपुढे आला की हल्ली त्याच्याबरोबर वीजबचतीचाही विषय निघतो आणि साध्या दिव्यांच्या जागी एलईडी लावण्यापासून गच्चीवर सौरपट्ट्या बसवण्यापर्यंत अनेक सूचना पुढे येतात. उभ्या असलेल्या, वापरात असलेल्या इमारतीत ऊर्जेचा वापर घटवण्यासाठी मागाहून केलेल्या अशा बदलांना तंत्रज्ञ मंडळी ‘रेट्रोफिट’ म्हणतात. मराठीत त्यांना ऊर्जासुधारणा म्हणता येईल. या सुधारणा उपयुक्त आहेत याविषयी सहसा दुमत नसते, परंतु त्यांवर घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होतो, हा प्रश्न गोव्यात दिसतो तितका सोपा नाही, कारण येथील हवामान, येथील वीजदर आणि येथील घरांचा वापर या तिन्ही गोष्टी त्याचे उत्तर बदलतात.

ऊन, दमटपणा आणि जुनी घरे

ऊर्जासुधारणांविषयीचे बरेचसे साहित्य थंड प्रदेशांत तयार झालेले असल्याने त्यात भिंतींना जाड उष्णतारोधक थर देणे, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवणे आणि प्रत्येक फट बुजवणे यांवर भर असतो. युरोपातील हिवाळ्यात बाहेर उणे पाच आणि आत वीस अंश सेल्सिअस तापमान असेल, तर भिंतीच्या दोन बाजूंमध्ये पंचवीस अंशांचा फरक पडतो आणि तेवढ्या प्रमाणात घरातली ऊब सतत बाहेर झिरपत राहते. पणजीत मात्र उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर बत्तीस-तेहतीस आणि वातानुकूलित खोलीत सव्वीस अंश असले, तर हा फरक सहा-सात अंशांचाच राहतो, त्यामुळे केवळ हवेच्या तापमानातील फरकामुळे भिंतीतून आत येणारी उष्णता तुलनेने थोडी असते. घर तापते ते मुख्यतः थेट उन्हामुळे. गच्चीवर पडणारे, पश्चिमेच्या भिंतीवर रेंगाळणारे आणि काचेतून सरळ आत शिरणारे ऊन अडवणे हे येथील पहिले काम ठरते.

पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या ऐन उकाड्यात ऊन झेलण्याचा सर्वाधिक भार गच्चीवर आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिम भिंतींवर पडतो, तर दक्षिणेची भिंत हिवाळ्यात अधिक तापते. त्यातच हवेत बाष्पाचे प्रमाण वर्षातले बहुतेक महिने मोठे असल्याने घाम लवकर सुकत नाही आणि तापमान फार नसतानाही जीव कासावीस होतो. डिचोली, साखळीसारख्या आतल्या भागांत समुद्रावरून येणारा वारा क्षीण होत असल्याने दुपारी किनाऱ्यापेक्षा अधिक उकडते.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांनी या हवामानाचा विचार केलेला दिसतो. चिऱ्यांच्या जाड भिंती दिवसाची उष्णता आत पोहोचायला उशीर लावतात, मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराच्या फटींतून तापलेली हवा निसटून जाते, मधल्या राजांगणातून वारा खेळता राहतो आणि पुढची ओसरी भिंतीवर ऊन व पाऊस थेट पडू देत नाही. काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असलेल्या खिडक्या प्रकाश आत घेत, पण त्याचा झोत मंद करीत. पावसाळ्याआधी भिंतींपुढे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे आडोसे बांधले जात. सिमेंटच्या सपाट गच्चीची चार-पाच मजली इमारत उभी राहिली तेव्हा या सोयींपैकी बहुतेक गळून पडल्या आणि त्यांची भरपाई पंखे व वातानुकूलन यंत्रे करू लागली. गोव्यातील ऊर्जासुधारणेचा मोठा भाग म्हणजे हरवलेली ती सावली आणि तो वारा नव्या साधनांनी परत मिळवण्याचा प्रयत्न होय.

वाचलेले युनिट कोणत्या दराचे?

कोणतीही सुधारणा परवडते की नाही हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तिच्या खर्चाला वर्षाकाठी वाचणाऱ्या रकमेने भागणे; त्यातून जो आकडा येतो त्याला परतफेडीचा काळ म्हणतात. बारा हजार रुपये खर्चून वर्षाला तीन हजार वाचत असतील, तर चार वर्षांत मुद्दल वसूल होते आणि ते साधन बारा वर्षे टिकले, तर पुढची आठ वर्षे बचत निव्वळ हाती राहते. या रीतीत पैशावरचे व्याज धरलेले नसते. म्हणून परतफेडीचा काळ साधनाच्या आयुष्याच्या अर्ध्याहून बराच कमी असेल, तरच ती सुधारणा बँकेतील मुदत ठेवीच्या तुलनेत फायद्याची मानणे शहाणपणाचे ठरते.

हिशेबाची खरी गुंतागुंत वीजदरात आहे. गोव्यात वीजपुरवठा राज्य सरकारचे वीज खाते करते, दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि घरगुती विजेचे दर देशातील कमी दरांत मोडतात. हे दर टप्प्यांचे आहेत: महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांना सर्वांत कमी दर लागतो, पुढे प्रत्येक 100 युनिटांगणिक तो वाढत जातो आणि 400 युनिटांपलीकडचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास तिप्पट होतो. हिशेब सोपा राहावा म्हणून या टप्प्यांचे दर अनुक्रमे दोन, तीन, चार, पाच आणि सहा रुपये धरले, तर महिन्याला 350 युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला, स्थिर आकार आणि इतर अधिभार सोडून, 1,150 रुपये विजेपोटी द्यावे लागतील. म्हणजे त्याला एक युनिट सरासरी सव्वातीन रुपयांच्या आसपास पडते. तथापि या कुटुंबाने 50 युनिटे वाचवली, तर ती सरासरी दराने वजा होत नाहीत. ती सर्वांत वरच्या, म्हणजे पाच रुपयांच्या टप्प्यातून वजा होतात. याउलट महिन्याला 90 युनिटेच वापरणाऱ्या घरात वाचलेल्या प्रत्येक युनिटाचे मोल दोन रुपये एवढेच असते.

छताच्या पंख्याच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होते. जुना साधा पंखा साधारण 75 वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा, म्हणजे कार्बनच्या ब्रशांऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडलाने नियंत्रित होणारी आणि कायमचुंबक वापरणारी मोटर असलेला पंखा, तेवढाच वारा सुमारे 30 वॉटमध्ये देतो. वर्षातले 300 दिवस रोज बारा तास पंखा चालला, तर वर्षाला 162 युनिटे वाचतात. नव्या पंख्याची किंमत 3,000 रुपये धरली, तर पाच रुपयांच्या टप्प्यातील घरात वर्षाला 810 रुपये वाचून पावणेचार वर्षांत खर्च वसूल होतो, मात्र दोन रुपयांच्या टप्प्यातील घरात वर्षाला 324 रुपयेच वाचत असल्याने त्याच पंख्याला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. हाच पंखा जुना जळाल्यावर घेतला, तर चित्र पालटते. तेव्हा साधा नवा पंखाही विकत घ्यावाच लागणार असल्याने हिशेबात दोन्ही किमतींमधला फरक तेवढा धरायचा असतो. तो 1,200 रुपये असला, तर पहिल्या घरात दीड वर्षात आणि दुसऱ्या घरातही पावणेचार वर्षांत तो भरून निघतो. जळालेल्या पंख्याचे वाइंडिंग पुन्हा भरून घेण्याची रूढ सवय वरवर स्वस्त वाटते, पण तिच्यामुळे ही संधी आणखी काही वर्षांनी पुढे जाते.

एका पंख्याच्या या हिशेबात दडलेले तत्त्व साऱ्या इमारतीला लागू पडते: जी गोष्ट कधी ना कधी बदलावीच लागणार आहे, ती बदलताना केलेली ऊर्जासुधारणा स्वस्त पडते आणि चांगली चाललेली गोष्ट केवळ विजेसाठी काढून टाकणे महाग पडते. न्यूयॉर्कमधील 1931 सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे ऊर्जानूतनीकरण 2009 मध्ये हाती घेतले गेले तेव्हा हेच तत्त्व वापरण्यात आले. तेथे सुमारे 55 कोटी डॉलरांचे नूतनीकरण तसेही ठरलेले होते. त्यात ऊर्जाबचतीसाठी 1 कोटी 32 लाख डॉलरांची भर घालून, 6,514 खिडक्यांची जुनीच काच जागेवर नव्याने जोडून घेऊन आणि शीतकरण यंत्रणा सुधारून ऊर्जेचा वापर 38 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि वर्षाला 44 लाख डॉलरांची बचत अपेक्षिली गेल्याने वाढीव खर्चाचा परतफेडीचा काळ तीन वर्षांचा ठरला. मुंबईतील फोर्ट भागात 1972 साली बांधलेल्या गोदरेज भवनातही 2010 मध्ये अशाच सुधारणा झाल्या आणि तेथे परतफेडीचा काळ पाच वर्षांच्या आत मांडला गेला. ही दोन्ही कार्यालये असून तेथे वातानुकूलन दिवसभर चालते आणि मुंबईतील वीज गोव्यापेक्षा पुष्कळ महाग आहे. म्हणून तेथले आकडे पणजीच्या निवासी इमारतीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, परंतु विचाराची रीत मात्र तीच राहते.

सामाईक मीटर: थोडक्यात मोठे फळ

सदनिकांच्या इमारतीत प्रत्येक घराचे मीटर वेगळे असते आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट व पाण्याचा पंप यांची वीज सामाईक मीटरवर मोजली जाऊन तिचा खर्च सर्व सभासदांमध्ये वाटला जातो. येथे वापर बारमाही आणि ठरावीक असल्यामुळे हिशेबही नेमका करता येतो. चोवीस सदनिकांच्या एका इमारतीच्या जिन्यात आणि आवारात जुन्या पद्धतीच्या बारा ट्यूबलाइट रात्रभर, म्हणजे बारा तास, चालतात असे मानले, तर लोखंडी चोकसह प्रत्येकीचे 50 वॉट धरून वर्षाला 2,628 युनिटे जळतात. त्यांच्या जागी 20 वॉटच्या एलईडी ट्यूब आल्या, तर हाच आकडा 1,051 वर येतो. सामाईक मीटरचा दर पाच रुपये धरल्यास वर्षाला सुमारे 7,900 रुपये वाचतात आणि बारा ट्यूबांचा चार-साडेचार हजारांचा खर्च सहा-सात महिन्यांत वसूल होतो. केंद्र सरकारच्या उजाला योजनेने 2015 पासून एलईडी दिव्यांची मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी केल्यामुळे या दिव्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि हा बदल सर्वांत सोपा होऊन बसला.

लिफ्टच्या बाबतीत लक्ष सहसा मोटरीकडे जाते, पण लहान इमारतीत लिफ्ट दिवसातला थोडाच वेळ धावते आणि तिच्या कक्षातले दिवे मात्र चोवीस तास तेवत असतात. कक्षात दोन जुन्या ट्यूब असतील, तर त्या वर्षाला 876 युनिटे घेतात. त्याऐवजी एकूण 20 वॉटचे दिवे लावले, तर 700 युनिटे, म्हणजे साडेतीन हजार रुपये वाचतात आणि खर्च काही शे रुपयांचा होतो. माणसाची चाहूल लागताच दिवा पेटवणाऱ्या सेन्सरबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुन्या ट्यूबला सेन्सर जोडला असता मोठी बचत झाली असती, पण दिवा एकदा एलईडी झाला की वाचवण्याजोगी वीजच थोडी उरते आणि सेन्सरचा परतफेडीचा काळ लांबतो. म्हणून निरनिराळ्या सुधारणांच्या जाहिरातींतील बचतीचे आकडे एकमेकांत मिळवून एकूण बचत काढता येत नाही. पहिली सुधारणा दुसरीचा काही हिस्सा आधीच घेऊन गेलेली असते.

पंपाचा हिशेब थोडा वेगळा आहे. दरडोई दिवसाला 135 लिटर या भारतीय मानकाप्रमाणे चोवीस सदनिकांतील शंभरेक माणसांना रोज सुमारे 13,000 लिटर पाणी लागते. तेवढे पाणी वीस मीटर उंचीच्या टाकीत चढवायला निसर्गनियमाप्रमाणे पाऊण युनिटाहूनही कमी ऊर्जा पुरते, परंतु झिजलेल्या पंपाची कार्यक्षमता पाव एवढीच असेल, तर प्रत्यक्षात जवळपास तीन युनिटे खर्ची पडतात. 45 टक्के कार्यक्षमतेचा नवा पंप वर्षाला सुमारे 460 युनिटे, म्हणजे 2,300 रुपये वाचवेल. त्याची किंमत 15,000 रुपये असली, तर साडेसहा वर्षे लागतील. म्हणजे पंप चालत असताना तो केवळ विजेसाठी बदलण्याची घाई नको, पण तो जळाल्यावर मात्र हाताशी आलेला स्वस्त पंप न घेता उंची आणि प्रवाह मोजून योग्य क्षमतेचा, तारांकित पंप घ्यावा. दरम्यान गळके नळ, फ्लशच्या टाक्या आणि वरची टाकी भरून वाहणे बंद केले, तर पाणी आणि ते चढवण्याची वीज दोन्ही वाचतात आणि त्याला खर्च जवळपास लागत नाही.

गच्ची: गळतीच्या कामातली बचत

गच्चीच्या सिमेंटच्या स्लॅबवर उन्हाळ्यात दिवसभर ऊन पडते, तो रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि त्याची झळ सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरांना बसते. पांढऱ्या, ऊन परावर्तित करणाऱ्या लेपाने काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग पुष्कळ थंड राहतो आणि खालच्या खोलीतही फरक जाणवतो. अहमदाबादने 2013 पासूनच्या उष्णता कृती आराखड्यात अशा शीत छतांचा पुरस्कार केला, तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. तथापि केवळ विजेच्या बिलातून पाहिले, तर हिशेब जुळत नाही. 4,000 चौरस फुटांच्या गच्चीला चौरस फुटामागे 40 रुपये दराने लेप द्यायचा तर 1,60,000 रुपये लागतील आणि वरच्या मजल्यावरील सहा घरांनी वातानुकूलनाची प्रत्येकी 200 युनिटे वर्षाला वाचवली असे धरले, तरी बचत 6,000 रुपयांचीच होते. परतफेडीला सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागेल आणि लेप तर तितकी वर्षे टिकतही नाही.

परंतु गोव्यात गच्चीला जलरोधक लेप द्यावाच लागतो. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. गळतीसाठी जो लेप द्यायचा आहे तोच परावर्तक पांढऱ्या रंगात घेतल्याने चौरस फुटामागे सहा रुपये वाढले, तर वाढीव खर्च 24,000 रुपये होतो आणि तो चार वर्षांत भरून निघतो. दमट हवेत पांढऱ्या पृष्ठभागावर शेवाळ चढून तो काळवंडतो, तेव्हा पावसाळा संपल्यावर गच्ची घासून धुण्याचे काम देखभालीच्या यादीत असावे लागते. ते न केल्यास परावर्तनाचा गुण दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येऊ शकतो.

गोव्यातील अनेक सोसायट्यांनी गळतीवरचा उपाय म्हणून सपाट गच्चीवर पत्र्यांचे उतरते छप्पर उभारले आहे. त्यासाठी लाखो रुपये लागतात आणि तो खर्च वीजबचतीच्या नावावर टाकता येत नाही. तरीही पत्रे फिकट रंगाचे घेतले, पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये चहूबाजूंनी मोकळी हवा वाहील अशी रचना केली आणि सांगाडा ठरवतानाच सौरपट्ट्यांचे वजन व वाऱ्याचा दाब जमेस धरला, तर गळती, उष्णता आणि वीजनिर्मिती अशी तीन कामे एकाच खर्चात होतात. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात केलेली पडझड पाहता या सांगाड्याची मजबुती हा कारागिरावर सोपवून देण्याचा विषय नाही. त्यासाठी संरचना अभियंत्याचा दाखला आणि स्थानिक संस्थेची परवानगी घेणे अगत्याचे आहे.

भिंती, खिडक्या आणि वातानुकूलन

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ ही निवासी इमारतींसाठीची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यात भिंती व खिडक्यांमधून आत येणाऱ्या एकूण उष्णतेचे एक मोजमाप असून ते दर चौरस मीटरला 15 वॉटपेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. शिवाय उष्ण व दमट प्रदेशात, ज्यात गोवा येतो, खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान सहाव्या हिश्श्याइतक्या खिडक्या उघडता येण्याजोग्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. वारा येऊ देणे आणि ऊन रोखणे या दोहोंचा तोल साधणे, हे या संहितेचे सार होय.

जुन्या इमारतीत हा तोल साधण्याचा सर्वांत परवडणारा मार्ग खिडकीच्या बाहेरच्या बाजूस असतो. आतल्या पडद्यावर ऊन पडते तोवर ते काच ओलांडून घरात आलेले असते. छज्जा, झडपा किंवा वेताचे चिक यांनी ते काचेपूर्वीच अडते. डोक्यावरचे ऊन आडव्या छज्ज्याने थांबते, पण पश्चिमेकडील उतरते ऊन अडवण्यास उभ्या पट्ट्या किंवा जाळी लागते. कला अकादमीची वास्तू पणजीला देणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कंबाला हिलवर 1983 मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजुंगा या उंच निवासी इमारतीत समुद्राचे दृश्य असलेल्या पूर्व-पश्चिम बाजूंना खोल, दुमजली गच्च्या ठेवून ऊन-पावसाला घराबाहेरच थोपवले; तो जुन्या ओसरीचाच अवतार होता. पणजीतील बऱ्याच इमारतींत नेमकी अशी बाल्कनी काचेने बंद करून खोलीत सामील केली गेली आणि सावलीची जागा काचघरात बदलली. तेथे बाहेरून पडदा लावणे किंवा खिडक्या पुन्हा उघडत्या करणे कोणत्याही महागड्या काचेपेक्षा अधिक गुणकारी ठरते. भिंतींना रंग द्यायची पाळी येईल तेव्हा तो फिकट निवडणे, हा तर विनाखर्चाचा उपाय आहे.

वातानुकूलन यंत्राला गोव्यात दोन कामे करावी लागतात: हवा गार करणे आणि तिच्यातले बाष्प पाण्याच्या रूपाने काढून टाकणे. दारे-खिडक्यांच्या फटींतून दमट हवा येत राहिली, तर दुसऱ्या कामावर वीज वाया जाते. पण घर सदैव घट्ट बंद ठेवले, तर पावसाळ्यात कपाटांत आणि भिंतींवर बुरशी धरते. ज्या खोलीत यंत्र आहे तेवढीच फटविरहित करावी आणि बाकीचे घर खेळते ठेवावे, हा मध्यममार्ग होय. यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे सांगणे असून 1 जानेवारी 2020 पासून नव्या यंत्रांना मूळचे 24 अंशांचे तापमान ठरवून देण्यात आले आहे. पंखा मंद चालू ठेवून यंत्र 26-27 अंशांवर ठेवणे हा त्यामुळे बिनपैशाचा उपाय ठरतो.

नवे यंत्र घेताना तारांकित लेबलावरील वार्षिक वापराचा आकडा वर्षाला 1,600 तासांच्या वापरावर आधारलेला असतो, हे विसरू नये. तीन तारे आणि पाच तारे यांच्यातील फरक वर्षाला 250 युनिटांचा आणि किमतीतील फरक 7,500 रुपयांचा धरला, तर पाच रुपये दराने परतफेडीला सहा वर्षे लागतात. हेच यंत्र पर्यटकांना भाड्याने दिलेल्या सदनिकेत 3,200 तास चालले, तर तीन वर्षे पुरतात आणि मालक वर्षातून वीस दिवस येऊन राहत असेल, तर कित्येक दशके लागतात. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचातले एक घर रिकामे आढळले होते. एकाच इमारतीत भरलेली, भाड्याची आणि कुलूपबंद घरे शेजारी शेजारी असल्याने सर्वांसाठी एकच सल्ला चालत नाही.

लाभ कोणाला, खर्च कोणाचा?

येथूनच सोसायट्यांमधला खरा पेच सुरू होतो. गच्चीच्या पांढऱ्या लेपाचा लाभ वरच्या मजल्याला होतो आणि वर्गणी तळमजल्यालाही भरावी लागते. भाड्याच्या घरात चांगले यंत्र बसवण्याचा खर्च मालक करतो आणि बिल भाडेकरूचे कमी होते. कुलूपबंद घराच्या मालकाला तर कशाचीच निकड नसते. अर्थशास्त्रात याला विभागलेल्या प्रोत्साहनाचा प्रश्न म्हणतात. त्यातून वाट काढायची, तर सामाईक मीटरपासून सुरुवात करणे इष्ट, कारण तेथील बचत सर्वांची असते. त्या बचतीची रक्कम वेगळी ठेवून, दुरुस्ती निधीच्या जोडीने, तीच गच्चीच्या वाढीव खर्चाला वापरली, तर कोणाकडे नवी वर्गणी मागावी लागत नाही.

सौरपट्ट्यांचा विचार या क्रमात शेवटी यावा, यालाही हिशेबाचेच कारण आहे. एक किलोवॉट क्षमतेच्या पट्ट्यांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यांतून वर्षाला सुमारे 1,400 युनिटे मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त 78,000 रुपयांचे आणि गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपयांचे अनुदान ठरवले गेले. वरच्या उदाहरणातील इमारतीत लिफ्टच्या मोटरीची वर्षाला 1,500 युनिटे धरली, तर सामाईक वापर 6,000 युनिटांच्या पुढे जातो आणि त्यासाठी 4.3 किलोवॉटच्या पट्ट्या लागतात. केवळ जिन्यातील आणि लिफ्टमधील दिवे आधी बदलले, तर हाच वापर 3,750 युनिटांवर येऊन 2.7 किलोवॉट पुरतात. किलोवॉटचा खर्च अनुदान वजा जाता 37,000 रुपये धरला, तर पाच हजारांच्या दिव्यांनी सुमारे साठ हजारांच्या पट्ट्या वाचवलेल्या असतात.

स्वस्त विजेच्या राज्यात एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु गोवा जवळपास सारी वीज बाहेरून घेतो आणि वाढती मागणी भागवण्यासाठी आणायच्या उच्चदाब वाहिन्यांना जागा लागते, हे 2020 पासून मोले परिसरातील जंगलावरून झालेल्या वादात, ज्यात गोवा-तम्नार वीजवाहिनी हा एक प्रकल्प होता, राज्याने अनुभवले आहे. भारतीय ग्रिडमधील प्रत्येक युनिटामागे सरासरी 0.7 किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या इमारतीतील केवळ दिव्यांचा बदल वर्षाला दीड टनाहून अधिक उत्सर्जन टाळतो. मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात नव्या वसाहतींना वेग आला आहे आणि तेथे छज्जा, फिकट छप्पर, उघडत्या खिडक्या यांची तरतूद नकाशावरच झाली, तर पणजीतील इमारतींना आज मोजावा लागणारा सुधारणेचा खर्च पुढच्या पिढीला मोजावा लागणार नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मोठ्या जोडभाराच्या निवासी इमारतींनाही नियमांच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला आहे.

उभ्या इमारतींसाठी मात्र कायद्यापेक्षा सोसायटीची दुरुस्ती वही अधिक कामाची आहे. गच्चीचा लेप केव्हा दिला, भिंतींना रंग केव्हा लागला, पंप किती वर्षांचा झाला, याच्या नोंदी वर्षभराच्या वीजबिलांशेजारी ठेवल्या की कोणती सुधारणा कोणत्या वर्षी स्वस्त पडेल, हे आपोआप दिसू लागते. ती वेळ हुकून गच्ची जुन्याच काळ्या लेपाने पुन्हा झाकली गेली, तर पुढची संधी पाच-सात पावसाळ्यांनंतरच येते.